कात्राबाई खिंडीखालची रात्र: रेंज ट्रेकवर घोटा मोडला तेव्हा (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

रतनगड ते हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक (म्हणजे डोंगररांगेतनं एका गडावरनं दुसऱ्या गडापर्यंत सलग चालत जाणं) सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांच्या यादीत कधी ना कधी येतोच. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून सुरुवात, प्रवरेच्या पात्राच्या कडेकडेनं जंगलात शिरायचं, शिड्या चढून रतनगड, मग परत खाली उतरून कात्राबाईची खिंड, पलीकडे कुमशेत, तिथनं पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. कागदावर तीन दिवसांचा निवांत कार्यक्रम. पण रतनवाडी सोडल्यापासून कुमशेत येईपर्यंत मध्ये गाडीरस्ता नाही, दुकान नाही आणि मोबाइलला रेंज असलीच तर तिच्या मर्जीवर. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, १९८६ साली जाहीर झालेल्या, म्हणजे जंगल राखलेलं आणि बऱ्यापैकी दाट आहे.

ग्रुप सहा जणांचा. नावं घेत नाही, ओळखीच्या खुणाही थोड्या बदलल्यात. लीडर अडतीसचा, हा रूट त्यानं आधी केलेला, पण उलट्या दिशेनं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. काका छप्पन्नचे, रोज चालणारे, गुडघे ठणठणीत, ग्रुपमधले सगळ्यात शिस्तीचे. एक ताई चाळिशीतल्या. एक मुलगी, जिनं गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला आणि त्यातलं प्रथमोपचाराचं विसरलेली नव्हती, तिला इथे कोर्सवाली म्हणू. आणि दोन पंचविशीतली मुलं, दमसास भरपूर, अनुभव सात-आठ गडांचा.

२६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी. शनिवारी रतनगड, रविवारी कुमशेत, सोमवारी हरिश्चंद्रगड करून पाचनईला उतरायचं असा बेत. दोन तंबू, एक छोटा गॅस स्टोव्ह, सहा स्लीपिंग बॅग. वाटाड्या घेतला नव्हता, कारण लीडरला वाट माहीत होती आणि फोनमध्ये जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे नकाशावर आधीच नोंदवलेली वाटेची रेघ, होता. पुण्यातल्या एका मित्राकडे मात्र पूर्ण कार्यक्रम लिहून दिलेला, कुठल्या रात्री कुठे, आणि सोमवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. ही गोष्ट बहुतेक ग्रुप करत नाहीत, यांनी केली, त्याचं श्रेय ताईंना.

फाट्यावरची दहा मिनिटं

लोक हे प्रकरण सांगताना संध्याकाळपासून सुरू करतात, घोटा मोडला तिथपासून. मला विचाराल तर ते दुपारी पाऊणला सुरू होतं.

रविवारी सकाळी सातला गड सोडायचं ठरलेलं. पण रात्री शेजारच्या ग्रुपचा स्पीकर दीडपर्यंत चालू, झोप कोणाची धड नाही. सकाळी नेढ्यातनं, म्हणजे गडाच्या कड्यातल्या आरपार भोकातनं, सूर्योदय बघायचा मोह (आणि तो मोह होणारच, नेढ्यात बसून एकीकडे अलंग-मदन-कुलंग आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, कोण सोडेल), मग पोहे, मग तंबू आवरणं, आणि खाली शिडीपाशी आले तर जत्रा. सुट्टीमुळे चढणारे शंभर, उतरणारे पन्नास, शिडी एक. सव्वाअकरा तिथेच वाजले. गडाची वाट आणि कात्राबाईची वाट जिथे फुटते त्या फाट्यावर पोचले पाऊणला. ठरलेली वेळ साडेनऊ.

इथे दहा मिनिटं चर्चा झाली. हिशोब लीडरनं तोंडी केला: खिंडीला तीन तास, खिंडीतनं कुमशेत दोन तास, म्हणजे पावणेसहा, सूर्य मावळतो सव्वासहा-साडेसहाला, बसतंय. हिशोब चूक नव्हता. पण त्यात जेवणाचा वेळ नव्हता, वाट चुकण्याचा नव्हता, सहा जणांत सगळ्यात हळू चालणारा माणूस धरला नव्हता आणि आदल्या रात्रीची न झालेली झोपही धरली नव्हती. दुसरा पर्याय समोर होता, तासा-दीड तासात रतनवाडीत उतरायचं, जीप करून रस्त्यानं फिरून पाचनईला जायचं आणि सोमवारी निवांत हरिश्चंद्रगड करायचा. ताईंनी तो मांडलाही. त्यावर एक मुलगा म्हणाला, "मग रेंज ट्रेक कसला, दोन वेगळे गड झाले." सगळे हसले आणि विषय संपला.

काकांना कोणी विचारलं नाही आणि ते स्वतःहून बोलले नाहीत. नंतर ते म्हणाले की उजव्या बुटाचा सोल टाचेकडे सुटायला लागलाय हे त्यांना सकाळीच दिसलं होतं, फेविक्विक लावून घेतलेलं, पण "एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्यांचा ट्रेक कशाला मोडायचा." मोठी माणसं असंच करतात. म्हणून अशा ठिकाणी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं लागतं, "कोणाला काही प्रॉब्लेम आहे का" असं हवेत विचारून उपयोग नसतो.

काय झालं

जंगलातला टप्पा सावलीचा, छान गेला. पण ओढा ओलांडताना ढोरवाटेला, म्हणजे गुरांच्या पायांनी पडलेल्या वाटेला, लागले, पाऊण तास तिथे मोडला. लीडरनं रूट उलटा केलेला असल्यामुळे उतरताना ओळखीच्या वाटणाऱ्या खुणा चढताना दिसतच नव्हत्या. खिंडीत पोचले चार चाळीसला. कात्राबाईच्या शेंदूर लावलेल्या दगडांना नमस्कार, समोर आजोबाचा डोंगर, दूरवर हरिश्चंद्रगडाचा पसारा, दोन फोटो, आणि लगेच उतरायला सुरुवात. घाई आता सगळ्यांच्याच पायात होती.

खिंडीच्या कुमशेत बाजूला वरचा टप्पा मुरमाड आहे, घसारा. जानेवारीत गवत वाळलेलं, ते मातीवर आडवं पडून आणखी सटकतं. पाच वाजून दहा मिनिटांनी काकांचा उजवा पाय घसरला, बूट पुढे आणि सोल मागे अशी काहीतरी गत झाली, घोटा आतल्या बाजूला वळला आणि पाठीवरच्या सॅकसकट ते त्याच्यावर बसले. सॅकमध्ये एक अख्खा तंबू होता. मागच्यानं आवाज ऐकला असं तो सांगतो. काका मात्र पहिलं वाक्य म्हणाले, "काही नाही, काही नाही, चला."

कोर्सवालीनं त्यांना उठू दिलं नाही. आधी डोकं, मान, पाठ विचारून घेतली, मग बुटाची नाडी सैल करून बोटं घोट्यावर फिरवली. बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्याबरोबर काकांनी तिचा हात धरला. बोटांना स्पर्श कळत होता, नख दाबून सोडलं की रंग लगेच परत येत होता, म्हणजे रक्तपुरवठा ठीक. मग दोघांच्या खांद्यावर हात टाकून उभं केलं. दुसऱ्या पावलाला चेहरा पांढरा पडला. अशा वेळी डॉक्टरही वापरतात तो साधा नियम तिला माहीत होता: हाडाच्या त्या कडेवर दाबून दुखतंय किंवा चार पावलंही टाकता येत नाहीयेत, तर एक्स-रे होईपर्यंत फ्रॅक्चर धरूनच चालायचं. इथे दोन्ही होतं.

समोरचे पर्याय

उजेड उरलेला सव्वा तासाचा. पाणी सगळ्यांचं मिळून पाच-सहा लिटर. फोनला रेंज नाही.

पहिला विचार अर्थातच खाली न्यायचा. आळीपाळीनं पाठुंगळी घ्यायचं, सॅक इथेच टाकायच्या. मुलांची तयारी होती आणि मला वाटतं त्यांनी दोन-तीनशे मीटर नेलंही असतं. पण त्या घसाऱ्यावर उजेडात, नुसती सॅक घेतलेला माणूस घसरला होता, तिथे सत्तर किलो पाठीवर घेऊन अंधारात जाणारा घसरला असता तर एकाचे दोन पेशंट. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला, चांगलं झालं.

सगळ्यांनी थांबायचं आणि सकाळी बघायचं, हे दुसरं. सुरक्षित वाटतं, पण सकाळीही काका चालणार नव्हतेच, नुसते बारा तास वाया. शिवाय जानेवारीत त्या उंचीवर पहाटेला पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो, वारं वेगळंच, आणि दुखापत झालेला, न हलणारा माणूस धडधाकट माणसापेक्षा फार लवकर गारठतो.

राहिलं निरोप पाठवणं. इथे ग्रुप अडकला, कारण निरोप कोणी न्यायचा? वाट फक्त लीडरला माहीत. लीडर गेला तर जखमी माणसापाशी लीडर नाही, लीडर थांबला तर ज्यांना वाट माहीत नाही ते अंधारात उतरणार. लीडरनं थांबायचं ठरवलं, दोन्ही मुलांना पाठवलं, एकाच्या फोनमध्ये ट्रॅक, दोघांकडे हेडटॉर्च, पॉवर बँक आणि सक्त ताकीद की एकमेकांपासून हाकेच्या बाहेर जायचं नाही.

यावर त्या सहा जणांत आजही एकमत नाही. लीडरचं म्हणणं, जबाबदारी माझी, जखमी माणूस सोडून मी जाऊ शकत नव्हतो. माझं मत वेगळं आहे. काकांची तब्येत स्थिर होती, त्यांच्यापाशी प्रथमोपचार येणारी व्यक्ती होती आणि ती लीडर नव्हती. सगळ्यात अवघड काम त्या घडीला खाली उतरण्याचं होतं आणि ते करू शकणारा एकच माणूस तिथे बसून राहिला. लीडरनं एका मुलाला घेऊन जायला हवं होतं, दुसऱ्याला वर ठेवून. पण हे मी घरी बसून म्हणतोय.

चिठ्ठी आणि मेसेज

ताईंनी एक काम केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मुलं निघायच्या आधी त्यांना थांबवून वहीच्या पानावर चिठ्ठी लिहिली, दोन प्रती. धावतपळत जाणारा माणूस गावात पोचून काय सांगेल याचा भरवसा नसतो, दमलेला, घाबरलेला असतो, आकडे विसरतो. चिठ्ठीचा फोटो मी पाहिलाय, मजकूर साधारण असा:

"आम्ही ६ जण. १ जखमी, पुरुष, वय ५६, उजवा घोटा, बहुतेक फ्रॅक्चर. शुद्धीवर आहेत, रक्त गेलेलं नाही. जागा: कात्राबाई खिंडीतून कुमशेतकडे अर्धा तास उतरल्यावर, वाटेच्या डाव्या हाताला उंबराचं मोठं झाड, त्याखालची सपाटी, निळा तंबू. आम्ही इथून हलणार नाही. हवं: उचलायला माणसं, बांबू, घोंगडी. वेळ: संध्याकाळी ५.५०."

खाली फोनमधले अक्षांश-रेखांश. फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तेवढ्यात लीडर वीस मिनिटं चढून परत खिंडीत गेला, रेंज शोधायला. ११२ ला, म्हणजे आणीबाणीच्या नंबरला, दोनदा फोन लागला आणि दोन्हीदा तुटला. (आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा सिग्नल तिथे असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून प्रयत्न करायचाच असतो.) मग त्यानं तोच मजकूर एसएमएस करून पुण्यातल्या मित्राला पाठवला, फोन उंच धरून, चार-पाच वेळा परत परत. कॉल टिकत नाही तिथेही एसएमएस कधीकधी सटकून जातो. गेला की नाही हे त्याला कळलं नाही. गेला होता, सहा वाजून बावीस मिनिटांनी.

आता गंमत अशी की या क्षणापासून मदतीच्या दोन साखळ्या सुरू झाल्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. मित्रानं ११२ ला कळवलं, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला कळवलं, तिथनं जवळच्या स्वयंसेवकांची जुळवाजुळव सुरू झाली. आणि इकडे दोन मुलं चिठ्ठी घेऊन ढोरवाटांच्या जाळ्यात.

रात्र

मुलं तासभर भरकटली. ट्रॅकची रेघ फोनवर दिसत होती, पण रेघ आणि पायाखालची वाट यांच्यात वीस-तीस मीटरचा फरक पडला की कारवीच्या रानात ते पुरेसं होतं. शेवटी कुत्र्यांच्या भुंकण्याच्या दिशेनं गेली आणि साडेआठला कुमशेतच्या एका वाडीत पोचली.

चिठ्ठी वाचली गेली. अक्षांश-रेखांशांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. पण "उंबराच्या खालची सपाटी" म्हटल्यावर एक म्हातारेबुवा म्हणाले, "हां हां, गुरं बसत्यात ती." जागा ठरली. आकडे पुण्यातल्या मित्राच्या कामाचे, उंबर गावाच्या कामाचा. चिठ्ठीत दोन्ही असावं ते यासाठी.

वर उंबराखाली तिघांनी तंबू लावून काकांना आत घेतलं होतं. कॅरीमॅट दोन, एकावर एक, कारण अंगातली ऊब जमीन सगळ्यात जास्त ओढते. तिसऱ्या कॅरीमॅटची घडी घालून ती पावलाखालनं घेऊन घोट्याच्या दोन्ही बाजूंनी पिंडरीपर्यंत वर आणली आणि क्रेप बँडेजनं बांधली, झाला स्प्लिंट. बूट काढायचा की नाही यावर थोडा वाद झाला. बुटानं आधार मिळतो हे खरं, पण सूज वाढत होती, बोटं गार लागायला लागली होती, आणि त्या बुटाचा सोल तर आधीच गेलेला, म्हणून नाडी पूर्ण काढून हळूच उतरवला. पाय सॅकवर उंच ठेवला. पॅरासिटामॉल दिली. दर तासाला बोटांचा रंग आणि स्पर्श तपासून कोर्सवाली वेळ लिहून ठेवत होती, बँडेज एकदा सैल करावं लागलं.

शेकोटीचा विषय निघालाच. काका कुडकुडत होते आणि सुकं लाकूड हाताशी होतं. पण गुडघाभर वाळलेलं गवत, वारं आणि अभयारण्य. तिथे ठिणगी उडाली असती तर न चालता येणाऱ्या माणसाला घेऊन पळायचं कुठे? लीडर ठाम राहिला आणि इथे तो शंभर टक्के बरोबर होता. त्याऐवजी स्टोव्हवर पाणी उकळून स्टीलच्या बाटलीत भरलं, बाटली लोकरी मोज्यात घातली आणि स्लीपिंग बॅगमध्ये काकांच्या पोटाशी दिली. दोन तास टिकते. मग परत. गॅस संपत आल्यावर चहा बंद, फक्त बाटली. प्यायला गूळ घातलेलं कोमट पाणी, थोडं थोडं. काकांनी रात्री फार पाणी प्यायला नकार दिला कारण लघवीला कसं जायचं ही लाज, तेव्हा ताईंनी रिकामी प्लास्टिकची बाटली कापून दिली आणि बाकीचे बाहेर जाऊन उभे राहिले. या गोष्टी कोणी लिहीत नाही, पण जखमी माणूस पाणी पीत नाही याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

अकराच्या सुमारास खालून बॅटऱ्या दिसल्या. गावातले चौघं आणि त्यांच्याबरोबर दोघांपैकी एक मुलगा (दुसऱ्याला त्यांनी गावातच झोपवलं होतं, त्याला उलट्या होत होत्या, दमून).

आणि आता दुसरा मोठा निर्णय. काकांना दर हालचालीला कळ येत होती, ग्रुपला वाटत होतं माणसं आलीत तर लगेच उचलून निघावं. लीडरनं तसं म्हटलंही. गावातले जे वयानं मोठे होते त्यांनी टॉर्च मारून घसारा बघितला, काकांचा पाय बघितला, "बाबा, श्वास लागतोय का, चक्कर येतीय का?" विचारलं, काका नाही म्हणाले. मग ते म्हणाले, "दादा, रातीचं नको. ह्यो टप्पा दिवसाउजेडी बारा माणसांचा हाय, आम्ही चार. सकाळला बांबू घिऊन येतो." दोघं तिथेच थांबले, दोघं परत गेले माणसं गोळा करायला.

ग्रुपमधल्या एकाला तेव्हा हे टोलवाटोलवी वाटलं होतं. पण विचार करा, पाय मोडलेला माणूस गरम अंथरुणात असेल, शुद्धीत असेल, बोटांत रक्त खेळत असेल, तर सात तासांनी त्याचं फारसं बिघडत नाही. अंधारात झोळी निसटली तर बिघडतं. डोक्याला मार असता, हाड बाहेर आलेलं असतं, पाऊल निळं पडत असतं, तर गणित उलटं झालं असतं आणि रात्रीच निघावं लागलं असतं. थांबणं बरोबर की चूक हे माणसाच्या हालतीवर ठरतं आणि त्या म्हाताऱ्या माणसानं नेमके तेच दोन प्रश्न आधी विचारले होते.

सकाळ

साडेसातला अकरा जण आले. लांब बांबू, त्याला घोंगडी आणि वर एक साडी दुहेरी करून बांधलेली, डोंगरातल्या वाड्यांमध्ये आजारी माणूस आणि अडलेली बाई अजूनही अशीच रस्त्याला आणतात. काकांना आत आडवं ठेवलं, मोडका पाय दुसऱ्या पायाला मध्ये कपडे घालून बांधला, आणि दर पाच मिनिटांनी खांदा बदलत, घसाऱ्यावर दोघं पुढे पाय रोवायला जागा करून देत, साडेदहाला वाडीत. ग्रुपमधल्या कोणाला त्यांनी खांदा देऊ दिला नाही. "तुमची चाल येगळी, हिसका बसंल."

वाडीत पोचल्यावर कळलं की रस्त्यावर १०८ येऊन थांबतेय, ही पुण्याहून सुरू झालेली साखळी. आणि गावकऱ्यांनी जीपही सांगून ठेवलेली, ही चिठ्ठीची साखळी. शिवाय स्वयंसेवकांची एक टीम पहाटे निघालेली, ती राजूरच्या अलीकडे असताना तिला थांबवलं. ॲम्ब्युलन्समधून राजूर, तिथे तपासून पक्का स्प्लिंट, मग एक्स-रे आणि पुढच्या उपचारांना संगमनेर.

निकाल

घोट्याच्या बाहेरच्या हाडाला फ्रॅक्चर, पण हाड जागेवरनं सरकलेलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओथेरपी. काका परत चालायला लागलेत, डोंगर अजून नाही.

पैशांचा विषय थोडा अवघडल्यासारखा झाला. गावातल्यांनी मागितलं काहीच नाही. पंधराएक माणसांचा अख्खा दिवस मोडलेला, काहींची मजुरी बुडालेली. ग्रुपवर त्या दिवशीच्या गडबडीत "खूप खूप आभार" म्हणून निघून जाण्याची पाळी आलेली, ताईंनी परत आठवड्यानं फोन करून प्रत्येकाच्या एका दिवसाच्या मजुरीचा हिशोब विचारून पैसे पाठवले आणि घोंगडी फाटली होती तिचे वेगळे. मला वाटतं हे खर्चाच्या यादीत आधीपासूनच धरायला हवं, भाडं आणि जेवण धरतो तसं. आपण त्यांच्या अंगणात वाट चुकतो आणि शोधायला तेच येतात.

वेगळं काय करता आलं असतं

फाट्यावर अकरा वाजल्यानंतर पोचलो तर सरळ रतनवाडी, हे आदल्या रात्री तंबूत ठरवता आलं असतं. फाट्यावर उभं राहून ठरवायला गेलं की उत्साह जिंकतो, तिथे प्रत्येकाला पुढेच जायचं असतं आणि नको म्हणणारा एकटा पडतो. ताई एकट्या पडल्याच. वेळ आधी ठरलेली असती तर कोणाला कोणाशी वाद घालायची गरजच नव्हती, घड्याळ बघायचं आणि उतरायचं.

वाटाड्या. रतनवाडीतनं कुमशेतपर्यंत माणूस घेतला असता तर ओढ्यातला पाऊण तास वाचला असता, आणि मुख्य म्हणजे "निरोप कोणी न्यायचा" हा प्रश्नच पडला नसता. ज्याला एका दिशेनं वाट माहीत आहे त्याला ती दुसऱ्या दिशेनं माहीत असतेच असं नाही.

काकांच्या सॅकमध्ये तंबू का होता? कारण ते नाही म्हणाले नाहीत. दोन पंचविशीतली मुलं कॅमेरा आणि चिप्स घेऊन चालत होती. वजनाची वाटणी निघायच्या आधी सगळ्या सॅक उघडून केली पाहिजे, आणि बूटही तेव्हाच उलटे करून बघायचे. जुना बूट वरनं धड दिसतो, आतला गोंद वाळलेला असतो.

मित्राला दुसरा एसएमएस गेला नाही, हे राहून गेलं. रात्री अकराला गावातली माणसं पोचली, जखमी स्थिर, सकाळपर्यंत इथेच, एवढं कळलं असतं तर ती टीम पहाटे निघाली नसती. तेव्हा वर खिंडीत परत जाणं धोक्याचं होतं हे मान्य, पण गावात परतणाऱ्या दोघांकडे चिठ्ठीची दुसरी प्रत आणि मित्राचा नंबर देता आला असता, वाडीतल्या एका टेकाडावर रेंज येते हे त्यांना ठाऊक होतं. कोणाला सुचलं नाही.

सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) का नव्हता असं दोघा-तिघांनी विचारलं. परदेशात डोंगरात फिरणारे सर्रास वापरतात, आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, लोकांना विमानतळावर त्यावरून अटका झाल्यात. त्यामुळे आपल्याकडे अजून तरी कागद, पेन, शिट्टी आणि घरी कार्यक्रम ठेवून जाणं यावरच भिस्त.

लीडरनं थांबावं की जावं, यावर त्यांच्यात पुढच्या भेटीत परत वाद झाला. कोर्सवालीचं म्हणणं, लीडर गेला असता तर मी काकांना सांभाळलं असतं, पण शेकोटी नको हे मला एकटीला सगळ्यांपुढे रेटता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. काका म्हणाले मला विचाराल तर कोणीही जावा, मला बुटाचं आधी बोलायला हवं होतं. त्यावर लीडर म्हणाला, काका, विचारायला मी हवं होतं.